वॉर्म रिगार्ड्सच्या वरची ओळ

प्रिय मेश्राम मॅडम,

अत्यंत खेदपूर्वक कळवावे लागते की, आपल्या निधनामुळे मला लागोपाठ दोन मेल पाठवावे लागले आणि दोन्ही चुकीचे गेले. झालेल्या गैरसोयीस मी आपल्याला जबाबदार धरतो. आपल्या पंप कंपनीच्या तक्रार विभागाकडे दाद मागावी, तर तक्रार विभाग म्हणजे तुम्हीच होतात. आता जायचं कुणाकडे?

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "आगाशे, गैरसोय पंपाची आहे का तुमची? पंपाची असेल तर सिरियल नंबर सांगा."

आज लिहायला बसलो, त्याचं कारण गुरुग्रामच्या हेड ऑफिसमधून सकाळी आलेलं एक उत्तर. त्याच्याकडे येतो. आधीचे धक्के क्रमाने सांगू द्या, कारण त्यातला एकही अजून उतरलेला नाही.

सोमवारी सकाळी फोन वाजला, स्क्रीनवर तुमचं नाव. मी उचलता उचलता म्हणालो, "कुठे आहात? चहा गार झाला." पलीकडे तुमचे मिस्टर. "आगाशे, मी मेश्राम बोलतोय. ती गेली. काल संध्याकाळी." रविवारी तुम्ही दोघं खडकवासल्याला जाऊन कणसं खाऊन आलात, घरी येऊन 'जरा पाठ टेकते' म्हणालात, आणि टेकलीत ती टेकलीतच. साहेब हे सगळं अगदी सावकाश सांगत होते, समोरच्याला लिहून घ्यायचं असल्यासारखं. आणि मी काय म्हणालो, माहीत आहे?

मी म्हणालो, "ओके. नोटेड."

मॅडम, नोटेड! तोंडातून गेलं आणि मला कळलं की आपण काय म्हणालो. साहेब "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. समोर तुमच्या खुर्चीवर शुक्रवारी विसरलेली शाल होती. एसी तुमच्या डोक्यावर सोडतात म्हणून तुम्ही त्या शालीनिशी अख्ख्या ॲडमिन विभागाशी भांडायचात. तिला अजून कुणी कळवलं नव्हतं.

मग आपली एचआरची ऋतुजा आली. "सर, ऑल एम्प्लॉयीजना मेल टाकायचाय. तुम्हीच लिहा ना." वर्तमानपत्रात महिन्यातून एकदा चार खवचट ओळी लिहितो, एवढ्या भांडवलावर या कंपनीत लिफ्ट बंद पडल्यापासून माणूस जाईपर्यंत सगळ्या सूचना माझ्याकडे येतात. लिहिला. चार ओळींचा मेल, पण अडलो शेवटाला. 'शोकाकुल' लिहावं, तर पंप बनवणारी कंपनी शोकाकुल कशी होते? 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हटलं की मला चौकातला फ्लेक्सच दिसतो. 'रिगार्ड्स' लिहायचं तर ते कुणाला? शेवटी काहीच लिहिलं नाही. खाली नुसतं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

यावर आपलं जुनं भांडण. माझं म्हणणं, मेलचा शेवट म्हणजे पाठ फिरवून चालू पडलेल्या माणसाने मागे न बघता हलवलेला हात. त्यापेक्षा नाव घालावं आणि सुटावं. तुम्ही म्हणायचात, "नाव काय, पासबुकवरही असतं."

तुमच्या प्रत्येक मेलच्या शेवटी एकच ओळ. कळावे, लोभ असावा. 'आपला पंप वॉरंटीत बसत नाही' याच्याखालीसुद्धा लोभ असावा. मी एकदा विचारलं की हे कुठून काढलंत, तर म्हणालात, "शाळेत पत्रलेखनाला शिकवलं होतं. घरच्यांना जय भीम, ऑफिसला लोभ असावा. रिगार्ड्स कुणाला द्यायचं ते अजून ठरलं नाही." कात्रजच्या त्या गृहस्थांचा पंप दोनदा जळला, तेव्हा त्यांनी उलट लिहिलं होतं, 'लोभ गेला खड्ड्यात, पंप कधी पाठवताय?' तुम्ही मात्र खूश. "बघा, शेवटपर्यंत वाचलं की नाही?"

तर माझा मेल गेला. दहाएक मिनिटांत ऋतुजा परत आली. चेहरा पांढराफटक. "सर, खाली बघा ना."

खाली बघितलं. दिवाळीच्या आधी निघालेलं ते फर्मान आठवतंय ना? सगळ्यांच्या मेलचा शेवट एकसारखा दिसायला हवा, म्हणून तो सर्व्हरवरूनच चिकटवायचा. लिहिणाऱ्याला दिसतही नाही, पाठवल्यावर आपोआप लागतो. 'मेश्राम मॅडम काल आपल्यातून गेल्या' या वाक्याखाली माझं नाव, त्याखाली निळ्या अक्षरांत 'वॉर्म रिगार्ड्स', त्याखाली हिरव्या अक्षरांत 'हॅव अ ग्रेट डे अहेड', आणि शेजारी दात काढून हसणारा आपल्या लोगोतला तो पंप. पाचही शाखांना गेलं. मेश्राम साहेबांनाही, कारण कुटुंबाला प्रत पाठवायची पद्धत आहे.

मी हबकून लगेच माफीचा मेल टाकला. 'वरील मजकूर अनवधानाने गेला, क्षमस्व.' त्याच्याखाली काय लागलं असेल? पुन्हा तोच पंप, तसाच हसत. ऋतुजाने डोक्याला हात लावला. "सर, आता प्लीज कशालाच हात लावू नका."

तुम्ही त्या फर्मानाला वळसा घातला होता, हे मला तेव्हा आठवलं. तुम्ही कंपनीच्या वॉर्म रिगार्ड्सच्या वर आपली ओळ लिहीतच राहिलात. ऋतुजा सांगायला आली होती, "मॅडम, ते डबल होतंय." तुम्ही म्हणालात, "होऊ दे गं. खालचं कंपनीचं आहे, वरचं माझं. माणसाला कळतं."

मंगळवारी संध्याकाळी विश्रांतवाडीला तुमच्या घरी गेलो. जायला पाय उचलत नव्हता. काय सांगणार होतो, सर्व्हरची चूक? बुद्धवंदना नुकतीच आटोपली होती, मेणबत्त्या अजून जळत होत्या. साहेबांनी मला शेजारी बसवलं आणि माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच म्हणाले, "मेल मिळाला. तिने पाहिला असता ना, तर आठवडाभर तुम्हाला ऑफिसात बसू दिलं नसतं."

मी म्हणालो, "साहेब, खरंच..."

"अहो, त्याचं काही नाही. पंपाचं मला काही वाटलं नाही. मी दुसरंच शोधत होतो." आणि मग चहाचा कप माझ्याकडे सरकवत, "खाली ते नव्हतं. लोभ असावा. ती म्हणायची, आमच्या ऑफिसात सगळे असंच लिहितात. मला वाटलं, सगळे लिहितात तर तिच्या वेळेलाही असेल."

मॅडम, काय हो हे? सगळे कधी लिहीत होते? कोण लिहीत होतं? एकट्या तुम्ही. पंधरा टेबलांच्या त्या थंडगार हॉलचं घरी इतकं चांगलं नाव करून ठेवलंत, आणि आम्हाला साधी कल्पनाही दिली नाहीत? 'हो, सगळे लिहितात' म्हणायला जीभ रेटेना आणि 'नाही' म्हणायला त्याहून नाही. चहा प्यायलो आणि उठलो.

आता गुरुग्राम.

आपली पैज आठवते? हेड ऑफिसचे भाटिया. ज्यांच्या मेलला ना सुरुवात ना शेवट, मधे फक्त 'एक्स्पिडाइट', म्हणजे लवकर उरका. त्यांनाही तुम्ही इंग्रजी मेलखाली रोमन लिपीत लोभ असावा लिहायचात. मी म्हणालो होतो, "त्यांना वाटत असेल, लोभ असावा हे तुमच्या हाताखालच्या क्लार्कचं नाव आहे. भाटियांनी कधी उलट लोभ असावा लिहिलं, तर मी महिनाभर माझ्या मेलखाली तेच लिहीन." तुम्ही बशीतला चहा फुंकत म्हणालात, "महिनाभर नको. एकदाच लिहा. पण सगळ्या ऑफिसला, आणि टिंगल न करता." मी बिनधास्त हात पुढे केला होता. भाटियांवर माझा भरवसा होता.

आज सकाळी त्यांचं उत्तर आलं. सगळ्यांना. इंग्रजीत तीन वाक्यं. 'फार वाईट वाटले. मॅडम शेवटी काय लिहायच्या, ते मी एका मराठी सहकाऱ्याकडून केव्हाच समजून घेतले होते. उत्तर द्यायचे राहून गेले.' आणि खाली, स्पेलिंगची पार वाट लावून, 'लोभ असावा.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या जाण्याच्या फोनवर मला रडू आलं नव्हतं. सोमवारभर मी नुसता लाकडासारखा फिरत होतो. या माणसाने मला माझ्याच टेबलावर, भर अकरा वाजता उघडं पाडलं. ऋतुजा पाण्याची बाटली ठेवून गेली.

मी हरलो, मॅडम. तुम्ही जिंकलात, आणि हे कळवायला तुमचा नंबर लावणार होतो. लावलाही होता. पहिली रिंग वाजायच्या आत तोडला.

उद्या, गुरुवारी दुपारी कँटीनमध्ये तुमच्यासाठी सगळे जमणार आहेत. त्याची सूचना अर्थात माझ्याकडेच आली. ऋतुजाला म्हणालो, तो पंप बंद कर. ती म्हणाली, "पाच मिनिटं करते सर, मला ओरडा बसेल." मी म्हणालो, पाच मिनिटं पुष्कळ झाली.

एक वचन देतो. कात्रजच्या त्या गृहस्थांची फाईल आता माझ्याकडे घेतो. ते पुन्हा खड्ड्याची भाषा करतील. करू देत. त्यांना तुमच्यासारखंच उत्तर जाईल, शेवटच्या ओळीसकट. इतरांचं मी सांगू शकत नाही, पण तुम्ही घरी जे सांगून ठेवलंत, ते निदान एका टेबलापुरतं खरं असेल.

सूचना लिहून झाली आहे. वेळ, जागा, तुमचं नाव. खाली, टिंगल न करता, 'कळावे, लोभ असावा.' पाचही शाखांना, प्रत मेश्राम साहेबांना. ऋतुजाने लांबूनच अंगठा वर केला, पंप बंद.

पाठवली.

लोभ आहेच,
आगाशे