मुदत नसलेलं टोकन

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी, नवं घर! कंपनी मोबाइलवर उघडणारी कुलपं बनवते. घर तिचंच, दाराला कुलूपही तेच. लेक दिवसभर दार उघड-बंद करत खिदळत होती. माझं काम सोपं: बाहेरच्या ॲप्सनी आमच्या सर्व्हरला ओळख कशी पटवायची ते ठरवणं. इथली मंडळी मात्र दिव्य! पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतात.

५ तारीख, बुधवार
बैठकीत इथल्या सर्वांत जुन्या इंजिनिअरने, म्हणजे जाड्या चष्म्याने, अक्कल पाजळली. टोकनला, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीला, मुदत हवी म्हणे, ते रद्द करता यायला हवं, नाहीतर ज्याला सापडेल त्यालाच सर्व्हर मालक समजेल. हरवणारा बावळट असेल तर मी काय करू? मुदत नाही, रद्द करायची भानगड नाही, टोकन दाखवा आणि आत या. साहेबांना पटलं. चष्मा तोंड पाडून बसला. मजा आली.

१० तारीख, सोमवार
या गणंगांना उदाहरणाशिवाय काही कळत नाही, म्हणून वेबसाइटवर सगळ्यांना दिसणाऱ्या मदतीच्या पानावर नमुना म्हणून माझंच टोकन डकवलं. घ्या, गिरवा.

११ तारीख, मंगळवार
दारावरचा रखवालदार म्हणतो, साहेब, तुम्ही आत्ताच आत गेलात. आंधळा मेला! पण माझी खुर्ची गरम होती. चष्मा समोर येऊन गहिवरला. मघाशी मी त्याची माफी मागितली, ती त्याला फार बरी वाटली म्हणे.
मी? त्याची? माफी?

१२ तारीख, बुधवार
सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या. सगळीकडे मीच आहे. दुपारी बायकोचा फोन आला, किती खूश होती! मी लवकर घरी आलो, लेकीशी खेळलो, म्हणून आभार मानत होती. मी तेव्हा ऑफिसात होतो. आता बाजारात आलीये म्हणाली. लेक कुणाजवळ आहे विचारलं, तर हसली. म्हणाली, तुमच्याजवळच तर—

त्यानंतर, टॅक्सीत
निघण्याआधी टोकन रद्द करायला बसलो होतो. सोयच नाही. मीच ठेवली नाही. चष्म्याचे पाय धरले. तो म्हणाला, आपण कोण?

घराबाहेर, जिन्यावर
मी मोबाइलवरून कुलूप उघडतो, आतून लावलं जातं. पुन्हा उघडतो, पुन्हा— दोन्ही हुकूम माझ्याच नावाचे. सर्व्हर दोन्ही मानतो. बायको परत आलीये, आतच आहे. कोण आहे म्हणून ओरडली. मी नाव सांगितलं. ती रडायला लागली, पोलिसांना बोलवा म्हणाली— मला नाही, त्याला—

लेक विचारतेय, बाबा, बाहेर कोण आहे? आणि माझ्याच आवाजात, मी कधी बोललो नाही इतक्या मायेने, तो तिला सांगतोय की बाहेर कुणीच नाही—