काचीगुड्याची इंग्रजी घोडी

२ नोव्हेंबर १९९४
कंपनीत परदेशी भागीदार आले, पाठोपाठ मुंबईहून नवे जी.एम. अरविंदसाहेब. दर रविवारी सिकंदराबादच्या मैदानात घोड्यावर बसतात. रीजनल मॅनेजरची जागा रिकामी. स्पर्धेत मी आणि विवेक. आज मीटिंगमध्ये सहज बोलून गेलो की आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या घोडे. साहेबांनी लगेच २७ तारखेला बोलावलं, माझा घोडा घेऊन. आजोबांकडे बैल होते, पण रुबाब तोच.

६ नोव्हेंबर
जुन्या शहरात मस्तानभाई घोडेवाल्याकडे. स्पष्ट सांगितलं, शौकासाठी हवा, इंग्लिश सवारीचा. ते म्हणाले, हौ साब, ऐसाच है, बडे बडे सूटवाले बैठे इसपे. पांढरीशुभ्र घोडी. आयाळीत थोडी चमकी अडकलेली. शोमध्ये लावत असावेत. दात तपासले. होते. (किती असायला हवेत ते बघायचं राहिलं.) स्कूटर विकून घेतली. नाव ठेवलं डचेस. बायकोला, त्रिवेणीला, सांगायला योग्य वेळ शोधतोय. घोडी अंगणात बांधल्यामुळे वेळ कमी आहे.

७ नोव्हेंबर
वेळ मिळाली नाही. त्रिवेणी अंगणात गेली. तेव्हापासून माझ्याशी लेकीमार्फत, शिल्पामार्फत बोलते. संसारात दूरदृष्टी एकालाच असते.

१० नोव्हेंबर
आज बसणार होतो. घोडेस्वारीच्या ब्रीचेस नारायणगुड्याच्या टेलरकडे अडकल्या. मांडीला एवढा घोळ कशाला म्हणून तो कापायलाच तयार नाही. पायजम्यात बसणं घराण्याला शोभत नाही. उद्या नक्की.

११ नोव्हेंबर
पाठीत उसण. बसच्या धक्क्यांनी. स्कूटर हवी होती.

१३ नोव्हेंबर
सूट घालून जवळ गेलो, तर डचेस अगदी स्तब्ध उभी राहिली. लुंगीत गेलो, तर चावायला आली. खानदान लपत नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळी ६
बसलो! चार मिनिटं. तेवढ्यात शेजारच्या गल्लीत ढोल वाजले आणि डचेस पुढचे पाय उचलून ठेक्यात टाकू लागली. घोडेस्वारीच्या पुस्तकात पाहिलं. याला ड्रेसाज म्हणतात, शिकवायला वर्षं जातात. मी तिच्या गळ्याला मिठी मारून होतो. तशी स्टाइल पुस्तकात नाही.

२१ नोव्हेंबर
दर वीस पावलांवर थांबते, मग आपली आपण पुढे निघते. शिस्त. शिल्पा म्हणाली, बाबा, हिला ज्योतीमावशीच्या लग्नात पाहिलंय. मुलांना सगळे घोडे सारखेच दिसतात.

२७ नोव्हेंबर, सकाळी ७
ब्रीचेस, टोपी, चाबूक. निघतोय. आज साहेबांच्या तोंडून जागेचं कबूल करून घ्यायचंच.

२७ नोव्हेंबर, दुपारी ३
नारायणगुड्याला एका मंगल कार्यालयासमोर वरातीचा ढोल, मर्फा, वाजत होता. डचेस गर्दीतून सरळ नवरदेवासमोर जाऊन उभी राहिली. नवऱ्याचे मामा मला म्हणाले, कित्ता लेट कर रैं जी, उतरो उतरो. मी इंग्रजीत समजावलं. त्यांनी ड्रेस चांगला आहे म्हणत मला उतरवलं, नवऱ्याला चढवलं आणि लगाम माझ्या हातात दिला. दीड तास वरात. घोडी एकदाही चुकली नाही. नंतर मला वाजंत्रीवाल्यांच्या पंगतीत वाढलं, आणि निघताना मामांनी घरचा फोन नंबर लिहून घेतला. सिकंदराबादला पोचलो तेव्हा मैदानात कोणी नव्हतं.

२८ नोव्हेंबर
जागा विवेकला मिळाली. तो काल तिथे रिक्षाने गेला आणि साहेबांना सरळ म्हणाला, मला घोड्याची भीती वाटते, मी काठावरून बघतो. साहेब पोट धरून हसले म्हणे. खरं बोलणारा माणूस हवा होता, असं आज सगळ्यांसमोर म्हणाले.

मलाही भीती वाटते. फार वाटते. पहिल्या दिवसापासून वाटत होती. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मला स्वतःच्या डायरीतही लिहिता आलं नाही.

संध्याकाळी
मामांचा फोन. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे आणखी दोन लग्नं आहेत. घोडी हवीच, पण लगाम धरायला तोच टोपीवाला पाठवा, गरीब आहे बिचारा. फोन त्रिवेणीने घेतला होता. तिने हो म्हटलं.