तिळीला गोठा हवा

वाडी, नागपूर
२६ नोव्हेंबर २०२३

ती. आजोबांस,
रोशनीचा सविनय जयभीम. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि माझ्या ओरडण्यानं खालचे ट्रकवाले वर बघतात, म्हणून पत्र.

मला एक घोडी मिळते आहे! जरीपटक्याचे नत्थूजी लग्नाच्या वरातीला घोड्या देतात. त्यांची तिळी पांढरी, पण अंगभर तपकिरी ठिपके. नवरदेवांना पांढरीशुभ्रच हवी असते, त्यामुळे हिला कोणी विचारत नाही. नत्थूजी ती वर्षभर मला सांभाळायला आणि फिरवायला द्यायला तयार आहेत. घोडेस्वारी क्लबाच्या घोड्यांवर शिकले, आता आपली म्हणावी अशी एक हवी. पण भाड्याच्या खोलीत मीच कशीबशी मावते. बैल गेल्यापासून तुमचा गोठा रिकामा आहे. तिळीला तिथे ठेवू? दर शनिवारी मी येईनच. ती किती गरीब आहे ते कळावं म्हणून वरातीच्या साजातला फोटो पाठवते.

आजीला जयभीम. होकाराची वाट पाहणारी, तुमची सर्वांत लाडकी (असं मीच म्हणते),
रोशनी

कुही
२ डिसेंबर २०२३

चि. रोशनीस अनेक आशीर्वाद.
आम्ही दोघं ठीक. धान घरात आलं. गोठ्यात कुटार-भुसा भरलेला आहे आणि तुझ्या आजीला माशांचा त्रास होतो. घोडी नको. फोटो परत पाठवतो.

तब्येतीला जप.
तुझा आजोबा, धोंडबा

वाडी, नागपूर
८ डिसेंबर २०२३

ती. आजोबांस सविनय जयभीम. वि. वि.
कुटार मी एका दुपारी हलवीन. आणि आजीला माशांचा त्रास होतो, हे आजीसुद्धा पहिल्यांदाच ऐकेल!

परवा तिळीला घेऊन निघाले, तर समोरून वरात. बँड ऐकताच बाईसाहेब मला घेऊन थेट वरातीत शिरल्या आणि नाचायलाच लागल्या. नवरदेवाच्या मामानं माझ्यावरून नोट ओवाळली. मी लाजेनं अर्धी झाले.

पण हसू फार टिकलं नाही. बाहेरगावचा एक माणूस तिळीला टांग्याला जुंपायला मागतो आहे, पुढच्या रविवारी न्यायला येतो. काम नसलेली घोडी नत्थूजी तरी किती दिवस पोसणार? टांग्याच्या विचारानं मला झोप येत नाही. आजोबा, फोटो परत का पाठवलात? मनात असेल ते लिहा. मी रागावणार नाही.

तुमचीच,
रोशनी

कुही
१२ डिसेंबर २०२३

चि. रोशनीस आशीर्वाद.
कुटाराची सबब होती, तू बरोबर ओळखलीस.

माझ्या लग्नात बाबांनी मोठ्या हौसेनं घोडी आणली होती. तुझ्या आजीच्या गावात शिरताना लोक आडवे आले. तुमच्या लोकांना इथून घोडीवर जाता येणार नाही, म्हणाले. बाबांनी हात जोडले. मी उतरलो. घोडी वेशीवरून परत गेली आणि मी पायी मांडवात गेलो. मारामारी झाली नाही, बरं झालं, असं सगळे म्हणाले. मला आजवर बरं वाटलेलं नाही. फोटोतला तो साज पाहिला आणि फोटो घरात ठेवता येईना.

तुझी चूक नाही, पोरी. तुला कोणी सांगितलंच नव्हतं. पण माझी घोडी त्या लोकांनी परत पाठवली, आता तुझी मी परत पाठवू? शनिवारी घेऊन ये. साज मात्र आणू नकोस.

तुझा आजोबा,
धोंडबा

कुही
२० डिसेंबर २०२३

चि. रोशनीस आशीर्वाद.
तिळी मजेत आहे. माशांची तक्रार अजून कोणी केलेली नाही.

काल तुझं खोगीर घालून तिला ओट्याला लावून उभं केलं आणि बसलो. या वयात कुठून सुचलं म्हणून आजी ओरडेल, असं वाटलं. तिनं पदर खोचला आणि लगाम धरला. फाटकाबाहेर काढून, पार बुद्धविहारापर्यंत नेलं. शेजारची कौशल्या विचारत होती, की आजोबाले घेऊन कुठं चालल्या वं? आजीनं सांगितलं, लग्नाले.

घरी आलो तरी मी बसूनच. उतरून काहून नाही राहिले जी, असं आजीनं विचारलं. मी म्हणालो, आज मले कोणी उतर म्हणलं नाही. ती लगाम धरून रडत उभी राहिली.

शनिवारी ये. आमची माया आहेच, तूही अशीच ठेव.
तुझा आजोबा,
धोंडबा