आवाज तिनेच करायचा

प्रिय ताई,

तू थोरल्या कुत्र्याला घेऊन अडथळ्यांच्या शर्यतीच्या स्पर्धेला गेलीस त्याला आता बरेच दिवस झाले. फोनवर रोज बोलतोच आपण, पण तिकडे मागे सतत कुत्री भुंकत असतात आणि इकडे तुझी भाची काडी कान टवकारून बसलेली असते, त्यामुळे जे बोलायचं ते राहूनच जातं. शिवाय फोनवर मला रडू येणार आणि तू म्हणणार, आधी नाक पूस. म्हणून लिहायला बसले. निघताना गाडीत सामान चढवता चढवता तू सगळं सांगितलंस. भिंगरी पिल्लाला किती खायला घालायचं, नखं कधी कापायची, हाडं पक्की होईपर्यंत तिला उडी म्हणून मारू द्यायची नाही. एकच गोष्ट विचारली नाहीस. काडी आणि मी परत जाणार की नाही याचं उत्तर माझा नवरा महिनाअखेरीला मागतोय, हे तुला माहीत होतं. आईने विचारलं, शेजारच्या नर्सबाईंनीसुद्धा आडून आडून विचारलं. तू मात्र उडीपाशी येऊन थांबलीस.

आधी भिंगरीचं सांगते, नाहीतर तू पत्र उलटंपालटं करून तेवढंच शोधत बसशील. बाईसाहेब मजेत आहेत. बादलीला वळसा घालायचा खेळ आता दोन्ही बाजूंनी जमतो. उजवीकडून जाताना अजून जरा तोल जातो, पण जमतो. उथळ खोक्यात चारही पाय ठेवायचे, हा मात्र आमचा रोजचा तमाशा. पुढचे दोन पाय झटकन आत जातात आणि मागचे दोन दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे बाहेर उभे राहतात. मग काडी तिच्या मागे रांगत जाते आणि हेही तुझेच आहेत गं, म्हणून तिला समजावते. दोरीच्या खेळात 'सोड' म्हटलं की सोडते, पण फक्त काडीने म्हटलं तर. मी म्हटलं तर शिंप्याच्या दुकानातून आलेली ही बाई कोण, अशा नजरेने बघते.

आम्ही आलो तेव्हाची काडी तुला आठवत असेलच. चमचा पडला तरी टेबलाखाली. कुणी दार जरा जोरात लावलं की दोन्ही कान गच्च दाबून बसायची, आणि मग कितीतरी वेळ एक शब्द बोलायची नाही. आमच्या घरी कसला आवाज कशाच्या आधी व्हायचा, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तूही खोदून विचारलं नाहीस. मी शिवणारी बाई, मला दुसरं काय सुचणार? तुझ्या खुर्च्यांच्या पायांना मी मोजे शिवले, डब्यांच्या मध्ये फडकी कोंबली, कपाटाच्या दाराला आतून पट्टी लावली. एकदा तू चहाचा कप बशीत ठेवायला गेलीस तर बशीतही कापडाचा गोल. तू हसलीस, पण तो काढून टाकला नाहीस.

मग पिल्लू आलं, आणि त्याच्याबरोबर ती फळी. शर्यतीत कुत्रं सी-सॉवरून चालत जातं तेव्हा पुढचं टोक धाडकन जमिनीवर आपटतं. त्या आवाजाला एकदा बिचकलेलं कुत्रं पुन्हा फळीवर पाय ठेवायला तयार होत नाही, म्हणून त्या आवाजाशी लहानपणीच खेळता खेळता मैत्री करून द्यायची, असं तू मला समजावलंस. विटेवर टेकवलेली बुटकी फळी, पिल्लाने वरचं टोक पंजाने दाबायचं, फळी आपटली की खाऊ. ज्या घरात मी बशांना कपडे शिवत होते, तिथे तू मुद्दाम फळी आपटायला निघालीस! तू बाहेर गेल्यावर मी जुनी रजई घेतली, तिच्या चांगल्या जाड घड्या केल्या आणि फळीखाली सरकवली. तू आल्यावर ती पाहिलीस. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तू म्हणालीस, "बरोबर आहे, सुरुवात अशीच करतात. आता घड्या एकेक करून काढू." ताई, त्याआधीची कित्येक वर्षं मी केलेलं काहीही कुणाला बरोबर वाटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तुला वाटलं कांदा चिरतेय.

तुझा नियम एकच होता. आवाज भिंगरीने करायचा. आपण फळी आपटून दाखवायची नाही, तिचा पंजा धरून ठेवायचा नाही, खाऊचं आमिष दाखवून तिला ओढायचं नाही. नको वाटलं तर तिने खुशाल निघून जायचं. हे तू मला सांगत होतीस, पण दारात काडी उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने खाऊची वाटी मागून घेतली. आधी दारातूनच फेकायची, मग हळूहळू जवळ सरकली. एका हाताने खाऊ द्यायचा तर एक कान उघडा राहणार, हे गणित तिला लगेच कळलं, आणि पुढे पुढे दुसरा कानही ती झाकायला विसरू लागली. रजई पूर्ण निघाली त्या दिवशी फळी अशी कडाडली की भिंगरी धूम पळून काडीच्या पायांमागे लपली. काडी पांढरीफटक पडली होती, पण जागची हलली नाही. भिंगरी आपली आपण परत गेली आणि पुन्हा फळी दाबली. मग काडीने स्वतःचा पाय ठेवला आणि दाबला. तू तिलाही एक बिस्कीट दिलंस, माणसांचं. त्या दिवसापासून दोघी मिळून घर डोक्यावर घेतात. नर्सबाईंची दुपारची झोप गेलीय, तू आलीस की त्यांच्याशी जरा गोड बोल.

रविवारी तो आला, न कळवता. आधी छान बोलला. बदललोय म्हणाला, आणि मला ते खरंही वाटायला लागलं होतं. मी म्हटलं, जरा विचार करू दे. तेवढ्यानेच त्याचा आवाज चढला आणि टेबलावर पंजा आपटला. मी सवयीने टेबलाखाली पाहिलं. काडी तिथे नव्हती. ती आतल्या दारात सरळ उभी होती आणि म्हणाली, "बाबा, हळू बोला. भिंगरी झोपलीय." मग मी म्हणाले, "आम्ही येणार नाही." शब्द नीट बाहेर पडले. तो गेल्यावर आम्ही दोघी जेवलो, अगदी पोटभर.

हेच सांगायला हे पत्र. आईने विचारलं तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून मी 'जाईन' म्हणून बसले होते. तू विचारलं असतंस तर तुला बरं वाटावं म्हणून 'नाही जाणार' म्हटलं असतं, आणि तेही माझं नसतंच. तुला किती विचारावंसं वाटत असेल, ते मला आता कळतंय. तू थांबलीस, म्हणून उत्तर माझ्या तोंडून आलं. तुझे उपकार म्हटलं तर रागावशील, म्हणून एवढंच लिहिते की तू परत येशील तेव्हा दार आम्हीच उघडू.

तुझीच,
धाकटी