साध्या कपड्यांची ड्युटी

१७ नोव्हेंबर, सोमवार

सर्जिकल वॉर्ड सुटला. आजपासून मनोविकार वॉर्ड. नऊ वर्षं जखमा बांधल्या, आता मनं बांधायची. (वाक्य चांगलं जमलं. कुठेतरी वापरणे.)

इन्चार्ज साधना सिस्टर. वय बावन्न, बोलणं हळू. म्हणाल्या, जीवन ब्रदर, इथे पांढरा युनिफॉर्म नाही, पेशंट बिचकतात. साधे कपडे घाला. गळ्यात लोंबतं काही नको, टोकदार बकल नको, सेंट नको, भडक रंग नको, छातीवर काही लिहिलेलं नको. ओळखपत्र क्लिपने खिशाला लावा. पहिले पंधरा दिवस औषध-इंजेक्शन तुमच्याकडे नाही. पेशंटांमध्ये बसायचं, बोलायचं, त्यांच्यासोबत जेवायचं.

एवढी यादी मला देण्याचं कारण नव्हतं. नर्सिंग कॉलेजात तीनही वर्षं बेस्ट ड्रेस्ड मीच. (बक्षीस एकदाही मिळालं नाही, पण ते राजकारण.)

संकल्प: कपड्यांमधून उपचार, ही पद्धत महिनाभरात सिद्ध करणे. फेब्रुवारीत नागपूरला नर्सिंगची कॉन्फरन्स आहे. तिथे पेपर वाचणे.

बायकोला, रत्नमालाला, सांगितलं. ती फॅक्टरीत क्लार्क. जवाहरनगरचं क्वार्टर तिच्या नावावर असल्यामुळे मतं फार मांडते. म्हणाली, "साधे म्हंजे साधे. त्याच्यात सिद्ध कायचं करता?"

१८ नोव्हेंबर, सकाळी ५.३०

इस्त्री. तीन शर्ट घातले, तीन काढले. शेवटी आकाशी ब्लेझर. निळा रंग मन शांत करतो, मोबाईलवर वाचलंय.

रात्री ८

कारध्याच्या एका पेशंटची आई हात जोडून म्हणाली, "साहेब, तुमच्या कंपनीच्या गोळीनं पोरगा दिवसभर झोपूनच राह्यते." औषध कंपनीचा माणूस समजली. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ऐकून घेणं हाही उपचारच.

सिस्टर म्हणाल्या, ब्लेझर काढून ठेवा. म्हटलं, थंडी आहे. तेवढ्यात त्यांनी पंखा लावला.

ओळखपत्र पँटच्या खिशात ठेवलं. क्लिपने कापड ओढलं जातं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पांढरा कुर्ता-पायजमा. पवित्र वाटतं. पण निवडणुका तोंडावर आहेत हे डोक्यातून गेलं. भेटीच्या वेळी नातेवाइकांनी घेरलं. नाली, नळ, घरकुल. नाही म्हणणं जिवावर आलं म्हणून चार तक्रारी लिहून घेतल्या. एकीने चिन्ह विचारलं. सिस्टरनी दार बंद करून विचारलं, "तुम्हाला साधे कपडे नाहीतच का?" टोन बरोबर नव्हता.

महत्त्वाचं: माझा पेशंट ठरला. भैयाजी, आसगावचे टेलर, वय साठ. पावसाळ्यात बायको गेली. तेव्हापासून मशीन बंद, बोलणं बंद. मुलगी कामिनीने आणून भरती केलं. अकरा दिवस झाले, एक शब्द नाही. वॉर्डातली कामवाली मावशी मंगलाबाई बाजूला बसली की चार घास खातात. मावशी काही करत नाही. मळकट पातळ नेसून पाय पसरून बसते, बस्स. यात शास्त्र नाही.

संकल्प: २८ तारखेपर्यंत भैयाजींना बोलतं करणे. लिहून ठेवतो.

२१ नोव्हेंबर

खादीचं जॅकेट. भैयाजींसमोर अर्धा तास बसलो. मग उभा राहिलो. मग खिडकीत. मग पुन्हा बसलो. त्यांनी एकदा पाहिलं. प्रगती.

दुपारी जॅकेट काढून चौकड्याचा शर्ट. (आता बॅगमध्ये दोन जादा ठेवतो. निरीक्षणासाठी.) पुन्हा पाहिलं. दुहेरी प्रगती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचं लिहायचं नव्हतं.

सगळं धुण्यात होतं म्हणून राखाडी टी-शर्ट घातला. क्वार्टरमध्ये कॅमेरे बसवणाऱ्या दुकानदाराने फुकट दिलेला. छाती कोरी. पाठीवर मोठा डोळा आणि खाली: "आमची नजर, चोवीस तास". सिस्टर छातीबद्दल बोलल्या होत्या, पाठीबद्दल नाही. शिवाय स्वतःची पाठ कोणाला दिसते?

तुलारामला दिसली. तुलाराम, वय चाळीस. कोणी आपल्यावर पाळत ठेवतंय, ही भीती त्याला दोन वर्षं होती. औषधांनी गेली होती. सोमवारी डिस्चार्ज होता. तो माझ्या मागून जेवणाच्या रांगेत आला, ताट तिथेच टाकलं, आणि बाथरूमची कडी आतून लावली. एक तास. सिस्टर दाराबाहेर स्टुलावर बसून हळूहळू बोलत होत्या. मला म्हणाल्या, तुम्ही समोरून जा.

प्रिंटिंग करणाऱ्याची चूक आहे. सुती कापडावर एवढी गडद शाई वापरतच नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. कपाट रिकामं केलं, पुन्हा भरलं. रंगाप्रमाणे. मग बाहीप्रमाणे. गाडी काढून कारध्याच्या पुलावर गेलो. वैनगंगा पाहिली. दहा मिनिटांत परत. रत्नमाला म्हणाली, "काहून असं करून राहिले? बसा ना एका जागी." म्हटलं, विचार चालू आहे. कोणता, ते तिने विचारलं नाही, बरं झालं.

टी-शर्ट फाडून गाडी पुसायला घेतला. डोळ्याचा तुकडा तेवढा जाळला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तुलारामची बायको आनंदाबाई त्याला न्यायला आली होती. पिशवीत त्याचा धुतलेला शर्ट-पँट, घडी घातलेला. डॉक्टरांनी सांगितलं, अजून दहा-बारा दिवस ठेवू. ती व्हरांड्यात मला म्हणाली, "शुक्रवारी फोनवर तं चांगले बोलले जी. मंग का झालं?"

म्हटलं, असं होतं कधीकधी.

ती पिशवी घेऊन बस स्टँडला गेली. मी दिवसभरात दोनदा शर्ट बदलला.

२५ नोव्हेंबर

सिस्टरना जाऊन सांगितलं की चूक माझी. छाती-पाठीचा मुद्दाही मांडणार होतो, मांडला नाही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. आनंदाबाईला फोन करून मीच सांगितलं. तुम्हीही सांगा." उद्या सांगणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

यश!! दोन दिवस आधी!

फोनचं राहिलं. पण हे ऐका. दुपारी सव्वादोन. तिसरा शर्ट, चॉकलेटी. मी दार ते खिडकी, खिडकी ते दार. भैयाजींनी माझी बाही धरली. आवाज गंजल्यासारखा. म्हणाले, "बापू, बस ना जरा. सकाळपासून तिसरा शर्ट हाय तुया अंगात."

मी बसलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात फिरवला. म्हणाले, "कोनं शिवला हा? खांदा उतरून राहिला." मग, "जेवला का?"

पळत जाऊन सिस्टरना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले. मंगलाबाई नुसती हसली.

निष्कर्ष: चॉकलेटी. मातीचा रंग. शेतीच्या गावच्या माणसाला आपला वाटला. पेपरचं नाव सुचलं: 'वस्त्रोपचार'.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

भैयाजी आता रोज बोलतात, पण माझ्याशीच जास्त. झोप लागते का, भूक लागते का, घरी कोण कोण आहे. प्रश्न पेशंटला विचारू द्यायचे, ही माझी नवी टेक्निक. आपली अर्धी पोळी माझ्या ताटात टाकतात. विश्वास.

टेक्निकचा भाग म्हणून त्यांना तुलारामचं सगळं सांगितलं. पिशवीसकट.

ते म्हणाले, "मी बी एकाचं लग्नाचं कापड उलटं कापलं होतं. त्याले तोंड दाखवाले लाज वाटे. तीन दिवस मशीनले हात नाई लावला. मंग गेलो त्याच्या घरी, सांगितलं." विचारलं, तो काय म्हणाला? म्हणाले, "शिव्या देल्ल्या. मंग चहा पाजला."

संध्याकाळी आनंदाबाईला फोन केला. तिने शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "पाठीवरचं वाचत जा जी घालाच्या पयले." ते जास्त लागलं.

३ डिसेंबर

वॉर्डाच्या कामाच्या खोलीत शिलाई मशीन आहे. सिस्टर बाजूला बसतात, सुई-कात्री मोजून देतात, मोजून घेतात. भैयाजी दुपारी दोन तास तिथे. कामिनीने घरून कापड आणून दिलं. काय शिवताय विचारलं तर म्हणाले, "तुले कायले पायजे?" थट्टा करतात! पेपरमध्ये 'विनोदबुद्धी परत आली' असं घालणे.

पेपर: चार पानं झाली. त्यात मी बराच आहे, पण इलाज नाही.

५ डिसेंबर

तुलाराम घरी गेला. घडीचा शर्ट-पँट घालून. जाताना माझ्याकडे पाहिलं, मग मागे जाऊन माझी पाठ पाहिली, मग हात जोडले. मीही जोडले.

८ डिसेंबर, सोमवार, दुपारी ४

भैयाजींचा डिस्चार्ज. डॉक्टर, सिस्टर, कामिनी, सगळे टेबलाभोवती. मी नवीन वही आणि पेन घेऊन उभा. शर्ट चॉकलेटी. डॉक्टरांनी विचारलं, भैयाजी, तुम्हाला कशाने बरं वाटलं?

म्हणाले, गोळ्यानं झोप आली. अन् मंगलाबाई काही इचारत नव्हती, तेनं बरं वाटलं.

मी पेन उघडून थांबलो.

म्हणाले, "अन् तो पोरगा. सिस्टरचा भाऊ."

कोणालाच कळेना. सिस्टर म्हणाल्या, माझा भाऊ इथे कुठे? भैयाजी म्हणाले, "तुमी त्याले ब्रदर म्हणता ना? तुमचा भाऊ म्हून तं त्याले मोकळं फिरू देता. त्याले पाहून मले वाटे, आपलं तं काहीच नाई. हा बिचारा एका दिवसात तीन कपडे बदलवते, एका जागी बसत नाई, कोनाशी नीट बोलत नाई. याच्याशी कोनतरी बोललं पायजे. म्हून बोललो."

मग माझ्याकडे वळले. हाक मारून जवळ बोलावलं. सगळ्यांदेखत डोक्यावरून हात फिरवला. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते. सिस्टरनी तोंडाला पदर लावला. खिशातलं ओळखपत्र काढून दाखवावं, असं एकदा मनात आलं. ते हाताला लागलंही. पण त्यांचा हात डोक्यावर होता. तसाच उभा राहिलो.

जाताना कागदात गुंडाळलेला शर्ट दिला. राखाडी, पोपलिनचा, हाताने काजं केलेला. म्हणाले, "घरी जाशील त्या दिवशी घालजो. घाबरू नको, येथले लोक चांगले हायेत."

९ डिसेंबर, मंगळवार, सकाळी ६.१५

शर्ट घालून पाहिला. खांदा बरोबर. बाही बरोबर. माप केव्हा घेतलं, कळलंच नाही.

रत्नमाला म्हणाली, "आता हा झाला साधा. घालून जा." म्हटलं, आज नाही, तो घरी जायच्या दिवशी घालायचाय. म्हणाली, "मंग रोजच घाला. रोजच तं येता घरी."

शर्ट काढला नाही. कॉन्फरन्सवाल्यांना कळवलं, यंदा जमत नाही.