दोन थापा

४ मार्च

आलो एकदाचे. सामान वर चढवलं आणि खोक्यावर बसून लिहितोय. खोली गॅरेजच्या वरच आहे. लोखंडी जिना, दोन खिडक्या, भिंतीला नवा रंग. हिनं खिडक्या उघडून जाहीर केलं की घर छान आहे, फक्त नवरा घासून घ्यावा लागेल.

मालकीणबाईंना काकू म्हणायचं ठरलंय. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले. मागच्या शेडमधला त्यांचा जुना ट्रक दुरुस्त करून विकून द्यायचा, तो विकला गेला की गॅरेज आम्हीच चालवायचं. लग्न झाल्यापासून हिनं माझ्यामागे किती वेळा बिऱ्हाड उचललं असेल, तीच जाणे. आता पुन्हा नाही.

५ मार्च

ट्रक पाहिला आणि प्रेमातच पडलो. हिला सांगितलं तर म्हणाली, सवत चालेल, पण भांडी तिनं घासायची.

बोथट नाकाचा, रुंद खांद्यांचा गडी आहे. डोंगरातून लाकडं ओढायचा. चारी चाकांना जोर मिळतो, पण जुन्या पद्धतीनं. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक खटका आहे. चिखल लागला की एकानं खाली उतरून दोन्ही खटके फिरवून लावायचे, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर येतो, मग बाजूला व्हायचं आणि बॉनेटवर दोन थापा मारायच्या. थापा ऐकल्याशिवाय स्टेअरिंगवरच्यानं गाडी हलवायची नाही. काकू म्हणाल्या, त्यांच्याकडे असंच चालायचं. एवढं सांगून त्या घाईनं आत गेल्या.

२३ मार्च

चासी खरवडून झाली, ब्रेकच्या नळ्या बदलल्या. इतकी वर्षं बंद असलेलं इंजिन आज पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी म्हटलं, हाताचा गुण आहे. ही म्हणाली, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. दाराचा रंग मात्र तिनं असा मारलाय की कारखान्यानं लाजावं.

एक कटकट आहे. संध्याकाळी खटके मोकळे करून ठेवतो, सकाळी ते लागलेले असतात. मला वाटतं ही चेष्टा करते. तिला वाटतं मी विसरतो.

२ एप्रिल

गादीवाल्याकडून दोन्ही सीटा नव्यानं भरून आणल्या. माझी टम्म आहे. शेजारची आजच दबलीय, वर कुणी बसून उठल्यासारखी, आणि खालून ओलसर आहे. पुसली की फडक्याला लाल माती लागते. आमच्या शेडमध्ये सगळा सिमेंटचा कोबा आहे. गादीवाल्याला बोलावलं तर त्यानं हात लावून पाहिला आणि पैसे परत देतो म्हणाला. असा गादीवाला मी जन्मात पाहिला नाही.

१२ एप्रिल

आज मागच्या उतारावर ट्रक चिखलात घालून पाहिला. ही हौसेनं खाली उतरली. दोन थापा ऐकल्या, स्पष्ट ऐकल्या, आणि मी क्लच सोडला. ही किंचाळली. ती अजून दुसऱ्या चाकाशी वाकलेली होती. थापा तिनं मारल्याच नव्हत्या.

कोपर सोललंय, बाकी वाचली. मला धीर देत म्हणते, कानात ग्रीस गेलंय तुमच्या. मी मात्र हसू शकलो नाही. जेवणही गेलं नाही.

१३ एप्रिल

काकूंना गाठलं. आधी उडवाउडवी केली, मग रडल्या. त्यांचे यजमान आणि धाकटा दीर मिळून हा ट्रक चालवायचे. खटके लावायला दीरच उतरायचा. एकदा ओढ्याच्या उतारावर यजमानांनी थापा ऐकल्या आणि गाडी पुढे घेतली. दीर चाकाखाली होता. थापा ऐकल्या होत्या हे ते मरेपर्यंत सांगत राहिले, आणि काकूंनीही त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

मला हे आधी का सांगितलं नाही, असं विचारलं. म्हणाल्या, सांगितलं असतं तर हात लावला असतास का.

१४ एप्रिल

निघून जाऊ म्हटलं. ही ऐकेना. म्हणाली, आता कुठे पडदे लावलेत, एका लोखंडाच्या धुडाला भिऊन मी हलणार नाही. मी भितो ते धुडाला नाही. तिच्या कोपराकडे पाहिलं की मी सोडलेला क्लच आठवतो.

शेवटी एक उपाय केला. दोन्ही खटके लावून आरपार बोल्टच मारले. आता कुणी खाली उतरायलाच नको. आणि उतरायची वेळ आलीच, तर थापांचा नियम बंद. ती शेजारी येऊन बसल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही.

२८ एप्रिल

लाकूडवाल्यानं ट्रक पसंत केला. त्याची वखार ओढ्यापलीकडे आहे, तिथं पोचवायचा. बोल्ट तपासले, घट्ट आहेत. सीट पुन्हा ओली आहे.

३० एप्रिल

बोल्ट शेडमध्ये जमिनीवर पडले होते. शेजारी शेजारी, नीट मांडलेले. पुन्हा मारले. हिला नाही सांगितलं.

१ मे

उद्या पोचवतो. एकटाच जाणार.

२ मे

ही आलीच. दार उघडून बसलीसुद्धा. वाद घालून तिला उतरवलं असतं तर —

ओढ्याच्या उतारावर अडकलोय. नाक खाली, पुढची चाकं चिखलात. जोर नाही. म्हणजे बोल्ट मारूनही खटके सुटले. हँडब्रेक ओढला तर तार तुटून हातात आली. पाय ब्रेकवरून काढता येत नाही. नको नको म्हणेपर्यंत ही खाली उतरली.

मांडीवर वही घेतली. लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं.

एक खटका लागला म्हणून ओरडली. आता दुसरा.

थापा. दोन. मी हललो नाही. नियम नियम आहे. ती शेजारी बसेपर्यंत नाही.

दार उघडलं. सीट दबली. आली एकदाची. ओल्या मातीचा वास येतोय, बरबटली असेल. आता ब्रेक सोड —

नाही. ही पुढे आहे. चाकाशी वाकलेली. केस दिसतात तिचे. हाक मारतोय, ओढ्याच्या आवाजात तिला ऐकू —

शेजारी बघणार नाही.

पाय दाबून धरलाय. सगळा जोर लावलाय. पण माझ्या पायावर दुसरा पाय आलाय, गार, चिखलाचा, तो माझा पाय ब्रेकवरून बाजूला सर —