पुढच्या वर्षाची माळ

प्रिय नलूताई,

आपण दोघींनी एकमेकींना कधी पत्र लिहिलं नाही. एका ओटीवर राहणाऱ्या जावा पत्रं कशाला लिहितील? मधल्या भिंतीवर थाप मारली की काम भागायचं. पण आज मी पालघरला जाऊन आले, आपल्या त्या सीझनवाल्या दुकानात. तिथे जे झालं ते सांगावं असं घरात दुसरं कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

काल शेवटचे गणपती गेले. आपल्याकडे यंदा मखर नव्हतं. तू जाऊन वर्ष व्हायचंय, मग सजावट कसली? पाटावर देव, समोर समई, दीड दिवसात विसर्जन. आणि आज दुकानात अर्ध्या किमतीची पाटी लागली असणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. पितृपक्ष लागला की कोणी नवं काही घेत नाही, म्हणून दुकानदार भाव पाडतो. आणि आपलं सगळं माकुणसार गाव घरात बसलेलं असताना तू नेमकी त्या दिवशी पिशवी घेऊन निघायचीस, पुढच्या वर्षाची खरेदी करायला!

सासूबाई असेपर्यंत दरवर्षी बोलल्या. "पितरांच्या दिवसांत सणाचा बाजार करतं का कोण? कुठली रीत ही?" तू पदर खोचत म्हणायचीस, "आत्ये, पितरांना पण दिसूदे की लायटिंग!" त्या हसू दाबत आत जायच्या.

आठवतं, माझ्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष? मी तुला तुम्ही-तुम्ही करत मागून चालत होते. दुकानात शिरलो आणि तू सरळ त्या झगमगाटात घुसलीस. एका हातात झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा, दुसऱ्या हातात मोराचं तोरण. मी घाबरून ओरडले, "ताई, तू एवढं सगळं घेणारेस?" त्यानंतर आपलं 'तुम्ही' पुन्हा कधी आलंच नाही.

खरं सांगू? मला ते दुकान कधी आवडलं नाही. महिन्याला रूप बदलणारं. गणपतीला मखरं, नवरात्रात टिपऱ्या, दिवाळीला कंदील, मग नाताळच्या चांदण्या, मग पतंग. नव्या प्लास्टिकचा वास आणि भर दुपारी लावलेले हजार दिवे. बाहेर चिखल, आत डोळे दिपायचे. तू मात्र तिथे पोरीसारखी व्हायचीस. प्रत्येक माळ खोक्यातून काढून, लावून बघायचीस. दुकानदार कंटाळून म्हणायचा, "भाभी, सब चालू है, नया माल है." तू म्हणायचीस, "नया है तो जलाके दिखाव." दोन तास बघायचीस आणि एक माळ घ्यायचीस.

मी एकदा चिडून विचारलं होतं, काय मिळतं तुला इथे? तू खोक्यात माळ गुंडाळत म्हणालीस, "घरी सण आला की संपायलाच लागतो गो. रांधा, वाढा, भांडी घासा. इथं तो अजून यायचा असतो. इथं उभं राहिलं ना, की वाटतं सगळं अजून व्हायचं हाय." तेव्हा मला ते बायकी खूळ वाटलं. आज त्याच दुकानात उभी राहिले आणि मला वाटलं की सगळं होऊन गेलंय.

आपलं भांडणही ठरलेलं. तू पुढच्या वर्षाची माळ उचलायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी म्हणायचे, "पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू." तू म्हणायचीस, "माळ घेऊन ठेवली म्हणजे लावायला आपण असतोच." मग मी तिचा रंग, तिची वायर, तिचा भाव, सगळ्याला नावं ठेवायचे. तू माझं सगळं ऐकून घ्यायचीस आणि माळ घ्यायचीसच. वीस वर्षं, ताई! एकदाही चुकलं नाही.

आता गेल्या वर्षीचं. हे लिहायचं म्हणून तर वही काढलीय आणि मघापासून इकडचं तिकडचं सांगतेय.

तुझे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, की फार तर दोन-तीन महिने. भाऊजी घरी आले ते थेट वाडीत गेले आणि सुपारीच्या झाडांत कितीतरी वेळ बसले. मग आम्हाला मागच्या दारी बोलावून म्हणाले, "तिला कळू द्यायचं नाय. पोटात अल्सर हाय, एवढंच. शपथ हाय तुमाला." आम्ही मान डोलावली. मी तर सगळ्यांच्या आधी.

गणपती झाले. तू काठीसारखी झाली होतीस, तरी पाटी लागल्याच्या दिवशी तयार. भाऊजींनी मला डोळ्याने खुणावलं, ने तिला. रिक्षा केली. दुकानदाराने तुला बसायला स्टूल दिलं. तू बसूनच सगळं बघितलंस, आणि शेवटी ती पिवळी माळ उचललीस, झेंडूच्या फुलांत बारीक दिवे असलेली. लावून बघितलीस. मग सवयीने माझ्याकडे बघितलंस.

आणि मी म्हणाले, "घे ना ताई. छान आहे. दोन घे."

फक्त एवढंच. भाव विचारला नाही, वायर ओढून बघितली नाही. वर मी आणखी शहाणपणा केला. "ते तोरणही घे, तुला आवडलंय ना?" तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. माळ तशीच तुझ्या हातात पेटलेली होती. मग तू ती हळूच बंद केलीस, नीट गुंडाळून खोक्यात ठेवलीस आणि म्हणालीस, "नको. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बगू."

माझंच वाक्य!

मी भांडायला हवं होतं गं. एवढी साधी गोष्ट. वीस वर्षं जे तोंड बंद राहिलं नाही, ते त्या दिवशीच गोड व्हायचं होतं? आणि तू तरी? रिक्षात माझा हात धरून बसलीस, पण एका शब्दाने विचारलं नाहीस. विचारायचं होतंस, ताई! शिव्या द्यायच्या होत्यास. मी रडले असते, खरं सांगून टाकलं असतं, निदान तुझ्याजवळ तरी मोकळी झाले असते. तुला ते नको होतं का? की तू मला वाचवत होतीस?

घरी पोचल्यावर भाऊजींनी विचारलं, "काय आणलं गो?" आणि तू हसून म्हणालीस, "यंदा माल बरा नाय. पुढच्या गणपतीला निळा पडदा लावू, आदीच सांगून ठेवते." ते किती खूश झाले! शेवटपर्यंत तू तो निळा पडदा चालवलास. सुई टोचायला नर्स आली तरी तिला पडद्याचं सांगायचीस. आणि मी खोलीत आले की गप्प व्हायचीस. दसरा झाला आणि दिवाळीच्या आधी तू गेलीस.

तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी एकच सांगतात, "तिला शेवटपर्यंत काय कळलं नाय, तेवडं एक बरं झालं." मी चहाचे कप उचलत मान डोलावते. यंदाच्या पितृपक्षात तुझं पान वाढायचं की वर्ष होईपर्यंत थांबायचं, यावर काल ते भटजींशी बोलत होते. तेव्हाही हेच सांगितलं.

तर आज गेले मी. काय शोधायला गेले होते कोण जाणे. ती पिवळी माळ होती, तशीच. लावून बघितली. माझ्याकडे बघायला कोणी नव्हतं आणि मी कुणाकडे बघू? दुकानदार म्हणाला, "दुसरी भाभी नहीं आयी इस बार?" माझ्या तोंडून निघालं, "अगले साल आयेगी." तो म्हणाला, "स्टूल रख देंगे." मी माळ बंद करून ठेवली आणि रिकाम्या पिशवीने एस.टी.त बसले. तुला जे तिथे दिसायचं ते मला नाही दिसलं, ताई. आणि आता दिसेल असंही वाटत नाही.

परत आले तर भाऊजी ओटीवर. रिकामी पिशवी बघून म्हणाले, "निळा पडदा बगितलास का? पुढच्या वर्षी लावू, तिची इच्छा होती." माझ्या अगदी ओठावर आलं होतं की भाऊजी, तिला कळलं होतं, माझ्यामुळे कळलं होतं, पडदा तिला नव्हता हवा, तो तुमच्यासाठी होता. पण मी म्हणाले, "हो, लावू."

क्षमा मागत नाही. द्यायला तू नाहीस, मग मागून काय करू? एक शब्द मात्र देते. भाऊजींना मी कधी सांगणार नाही. तू महिना-दीड महिना जे निभावलंस ते मी माझ्या मरणापर्यंत निभावीन. पुढच्या वर्षी निळा पडदा आणीन, आणि दुकानदार जो भाव सांगेल त्यावर खूप भांडेन.

तुझी धाकटी जाऊ,
वैशू